पडलेली पापणी

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाड्यांतील लोक अद्याप विसरलेले नाहींत. आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशी होती. गणपतीचें विसर्जन करून लोक उशिरां निजले होते. पहाटें ३ वाजून ५६ मिनिटांनीं भूमि हादरली आणि लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यांतील किल्लारी व तिच्या आसपासचीं गांवें पाहतां पाहतां मातीस मिळालीं. ६.२ तीव्रतेच्या त्या भूकंपांत सुमारें १० हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्या बाजूचीं घरें दगडमातीच्या रुंद भिंतींचीं आणि वर जड माळवदाचीं. तीं निजलेल्या माणसांच्या अंगावर कोसळलीं. ढिगाऱ्यांतून काढलेल्या जखमींना लातूर, सोलापूर, उमरगा येथील रुग्णालयांत नेण्यांत आलें. त्यांत हातपाय मोडलेले होते, तसे डोक्यास मार लागलेलेही होते.

डोक्यास मार लागलेला मनुष्य समोर आणला म्हणजे डॉक्टर त्याचा श्वास पाहतात, नाडी पाहतात, आणि लागलीच त्याच्या दोन्ही पापण्या वर करून विजेरीचा झोत डोळ्यांवर टाकतात. मार डोक्याला आणि तपासणी डोळ्याची, याचें नातेवाइकांना नवल वाटतें. परंतु त्यांत मोठें मर्म आहे. कवटी ही चहूंकडून बंद पेटी आहे. तिच्या आंत रक्त सांचूं लागलें कीं मेंदूला पसरण्यास जागा राहत नाहीं. तो खालच्या बाजूस ढकलला जातो, आणि वाटेंत असलेला एक मज्जातंतु त्याखालीं चेंगरतो. त्याबरोबर त्या बाजूच्या डोळ्याची बाहुली मोठी होते आणि उजेड पडला तरी लहान होत नाहीं. शुद्धीवर नसलेल्या मनुष्याच्या मेंदूंत काय चाललें आहे याची बातमी ती बाहुली देते. बातमी कळतांच कवटी उघडून रक्त काढलें तर मनुष्य वांचूं शकतो. उशीर झाला तर मृत्यु ओढवतो. हल्लीं भूकंप नसला तरी मोटार-सायकलीवरून पडलेल्या प्रत्येक तरुणाच्या बाबतींत हाच प्रसंग येतो.

हा जो मज्जातंतु, त्याची ओळख प्रत्येक घरांत असणें हिताचें आहे. कारण तो केवळ अपघातांतच दुखावतो असें नाहीं.

मेंदूपासून मज्जातंतूंच्या १२ जोड्या निघतात. त्यांपैकीं तिसरी जोडी डोळे हलविण्याच्या कामीं येते. इंग्रजी वैद्यकांत तिला ऑक्युलोमोटर म्हणतात. मराठींत नेत्रचालक मज्जातंतु असें म्हणतां येईल. प्रत्येक डोळ्याला बाहेरून ६ स्नायु लागलेले असतात. गाडीवान कासऱ्यांनीं बैल जसा वळवितो, तसे हे स्नायु डोळा वळवितात. या ६ कासऱ्यांपैकीं ४ एकट्या नेत्रचालक मज्जातंतूच्या हातीं असतात. त्यांचें काम डोळा वर नेणें, खालीं आणणें आणि नाकाकडे वळविणें. उरलेल्या दोहोंपैकीं एक डोळा कानाकडे ओढतो आणि दुसरा त्यास खालीं झुकवितो; त्यांचे मज्जातंतु निराळे आहेत. याखेरीज पापणी उचलून धरणारा स्नायु, उजेडांत बाहुली आंवळून धरणारा स्नायु, आणि जवळचें पाहतांना डोळ्यांतील भिंगाची गोलाई वाढविणारा स्नायु, हे तिन्ही याच मज्जातंतूवर अवलंबून असतात.

यावरून तो निकामी झाल्यास काय होईल याचा तर्क सहज करतां येतो. पापणी पडते. चार कासरे सुटल्यामुळें उरलेले दोन डोळ्यास आपल्याकडे ओढतात आणि बुबुळ बाहेर व खालीं जाऊन राहतें. बाहुलीची वाट अडली असेल तर ती विस्फारते. पापणी मिटलेली असेपर्यंत रोग्याला दुसरी कांहीं तक्रार नसते. पण ती बोटानें उचलली म्हणजे एकाच्या दोन वस्तु दिसूं लागतात, कारण दोन डोळे दोन दिशांना पाहत असतात.

खेड्यापाड्यांत तोंडावरून वारें गेलें कीं सगळ्यालाच लकवा म्हणतात, आणि त्यामुळें दोन निराळे विकार एक समजले जातात. एकांत तोंड वांकडें होतें, चूळ भरतांना पाणी ओघळतें, आणि त्या बाजूचा डोळा मिटत नाहीं. तो सातव्या मज्जातंतूचा विकार. दुसऱ्यांत तोंड सरळ राहतें, परंतु डोळा उघडत नाहीं. तो तिसऱ्या मज्जातंतूचा. न मिटणारा डोळा आणि न उघडणारा डोळा यांतील हा भेद पोरासोरांनाही शिकवितां येण्याजोगा आहे.

आतां मुख्य प्रश्न, हा मज्जातंतु बिघडतो कशानें. तें समजण्यास सुंभाच्या दोराचें उदाहरण उपयोगी पडेल. विहिरीच्या कांठावर घासणाऱ्या दोराचा बाहेरचा पेड आधीं झिजतो. ओलीनें आंतून कुजलेल्या दोराचे मधले पेड आधीं जातात, आणि वरून तो धड दिसतो. नेत्रचालक मज्जातंतूची रचना अशीच आहे. बाहुली आंवळणारे धागे त्याच्या पृष्ठभागावर असतात, तर पापणीचे आणि डोळा फिरविणारे धागे गाभ्यांत असतात. बाहेरून कशाचा दाब पडला तर पृष्ठभागावरचे धागे आधीं चेंगरतात आणि बाहुली विस्फारते. गाभ्याला रक्त पुरविणाऱ्या बारीक वाहिन्या तुंबल्या तर पापणी पडते, डोळा फिरत नाहीं, पण बाहुली बहुधा शाबूत राहते.

किल्लारीच्या शिवारांत दोन माणसें आहेत अशी कल्पना करावी. एक ६२ वर्षांचा शेतकरी, १० वर्षांचा मधुमेही, औषध कधीं घेणारा कधीं टाळणारा. एके सकाळीं उठतो तों उजवी पापणी पडलेली, भुवईपाशीं ठणका. दुसरी ४८ वर्षांची शेतकरीण. मधुमेह नाहीं, कधीं अंथरूण धरलेलें नाहीं. तिचीही उजवी पापणी पडली आहे आणि डोकें भयंकर दुखत आहे. शेजारीण सांगते, “आक्का, वाऱ्यानं पडली पापणी. कानशिलाला बिब्बा लावा, चार दिवसांत उघडंल.” दोघांचीं लक्षणें वरवर एकच आहेत. परंतु विजेरी घेऊन पाहिलें तर शेतकऱ्याची बाहुली उजेडानें आंवळते आणि त्या बाईची विस्फारलेली ती तशीच राहते.

शेतकऱ्याच्या बाबतींत बहुधा मधुमेहानें आंतील बारीक रक्तवाहिन्या बिघडविल्या आहेत. रक्तदाब वाढलेला असणें आणि तंबाखूचा धूर ओढणें यांनींही असेंच होतें. येथें औषधापेक्षां पथ्य मोठें. रक्तांतील साखर आणि रक्तदाब ताब्यांत ठेवले तर ३ महिन्यांच्या आंत बहुतेकांची पापणी आपोआप उघडते आणि डोळाही सरळ होतो. मात्र हें अनुमान डॉक्टरांनीं करावयाचें आहे. बाहुली शाबूत आहे म्हणून रोगी सुटला असें समजूं नये. पहिल्या आठवड्यांत बाहुली पुनःपुन्हां तपासून घ्यावी लागते, कारण आज शाबूत असलेली बाहुली उद्यां विस्फारूं शकते. पापणी अर्धवटच पडली असेल, किंवा डोळा थोडा फिरत असेल, तर दाबाचा संशय अधिक धरावा लागतो. तीन महिन्यांत सुधारणा न दिसल्यास तपासणी नव्यानें करावी लागते.

त्या बाईच्या बाबतींत मात्र एक दिवसही वाट पाहण्यास जागा नाहीं. मेंदूच्या तळाशीं रक्तवाहिन्यांचें एक वलय आहे, आणि नेत्रचालक मज्जातंतु त्यांतील एका वाहिनीला जवळजवळ खेटून जातो. त्या वाहिनीची भिंत एखाद्या ठिकाणीं दुबळी झाली तर सायकलीच्या जुन्या ट्यूबला येतो तसा तेथें फुगा येतो. त्याला अॅन्युरिझम म्हणतात. तो वाढतां वाढतां मज्जातंतूवर दाबतो, बाहुली विस्फारते, पापणी पडते. हा फुगा फुटला तर मेंदूभोंवतीं रक्तस्राव होतो आणि पुष्कळ रोगी रुग्णालयापर्यंत पोंचतही नाहींत. पापणी पडणें ही तो फुटण्यापूर्वीं मिळालेली सूचना असूं शकते, आणि ती ऐकण्यास मिळालेला अवधि किती याचा नेम नसतो. बिब्बा लावून चार दिवस काढणें म्हणजे तो अवधि गमावणें होय. शिवाय बिब्ब्यानें कातडी भाजते आणि डोळ्याला इजा होते ती वेगळीच.

या फुग्यावर इलाज आहे, आणि त्याचा इतिहास याच पापणीशीं जोडलेला आहे. २३ मार्च १९३७ रोजीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत वॉल्टर डँडी या शस्त्रवैद्यानें एका ४३ वर्षांच्या रोग्याची कवटी उघडून फुग्याच्या मानेवर चांदीचा लहानसा चिमटा बसविला. त्या रोग्याचा नेत्रचालक मज्जातंतु निकामी झालेला होता. रोगी वांचला, आणि अशा शस्त्रक्रियेचा मार्ग जगाला खुला झाला. भारतांत मेंदूवरील शस्त्रक्रियेचा विभाग डॉ. जेकब चँडी यांनीं वेल्लोर येथें १९४९ मध्यें सुरू केला. १९९० च्या सुमारास दुसरी एक युक्ति निघाली. जांघेंतील रक्तवाहिनींतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत नेऊन प्लॅटिनमच्या तारेचें वेटोळें फुग्यांत भरतात, म्हणजे तो आंतून बंद होतो आणि कवटी उघडावी लागत नाहीं. कोणता उपाय कोणास योग्य हें फुग्याची जागा, त्याचा आकार आणि रोग्याची प्रकृति पाहून ठरवितात. दोन्ही उपाय मोठ्या शहरीं होतात. पण संशय घेऊन सीटी स्कॅन आणि रक्तवाहिन्यांचें चित्रण करण्यास रोग्याला त्याच दिवशीं लातूर-सोलापुराकडे धाडणें हें काम गांवच्या पातळीवरचें आहे. २०१४ पासून महाराष्ट्रांत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका उपलब्ध आहे, ती अशाच वेळीं बोलवावी.

याहून निराळींही कारणें आहेत. क्षयरोगाचे जंतु मेंदूच्या आवरणाला पोंचले तर ताप, डोकेदुखी, ओकारी यांबरोबर पापणी पडूं शकते. तेथें क्षयाचीं औषधें वेळेवर सुरू होणें हाच इलाज. मेंदूच्या तळाशीं गांठ वाढली तरी हाच परिणाम होतो. मेंदूच्या देठाकडे जाणारी रक्तवाहिनी तुंबली तर एका बाजूची पापणी पडते आणि उलट बाजूचे हातपाय लुळे होतात. हर्मान वेबर या वैद्यानें हें १८६३ मध्यें लिहून ठेवलें आहे. तेथें पक्षाघातावरील उपचार घटकाभरही लांबवितां येत नाहींत.

आणखी एका कारणाची आठवण महाराष्ट्राला ताजी आहे. २०२१ मध्यें कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिस या बुरशीच्या रोगानें राज्यांत अनेकांना गांठलें, आणि मे महिन्यांत केंद्र सरकारनें राज्यांना त्याची नोंद सक्तीची करण्यास सांगितलें. मधुमेह ताब्यांत नसलेल्या, आणि उपचारांत स्टेरॉइड घेतलेल्या माणसांना तो विशेषतः झाला. बुरशी नाकांतून गालाच्या पोकळींत, तेथून डोळ्याच्या खोबणींत आणि पुढें मेंदूकडे सरकते. गाल दुखणें वा बधिर होणें, नाकांतून काळसर स्राव येणें, पापणी पडणें, डोळा जागच्या जागीं थिजणें, हा तिचा क्रम. सडलेला भाग शस्त्रानें काढून अॅम्फोटेरिसिन हें औषध शिरेवाटे द्यावें लागतें. कोविडची लाट ओसरली तरी मधुमेह आहे तेथें ही बुरशी आहेच. म्हणून मधुमेही मनुष्याची पापणी पडली आणि नाक-गालाचीही तक्रार असली तर तो केवळ मधुमेहाचा मज्जातंतु-विकार आहे असें मानून स्वस्थ बसूं नये.

पापणी पडली म्हणजे नेत्रचालक मज्जातंतूच बिघडला असेंही नाहीं. मराठवाड्यांत पावसाळ्याच्या दिवसांत भुईवर निजणाऱ्याला मण्यार डसते. तिचा दंश फारसा दुखत नाहीं आणि खूणही धड दिसत नाहीं. मनुष्य पहाटें पोटदुखीनें जागा होतो, आणि थोड्याच वेळांत त्याच्या दोन्ही पापण्या जड होऊन पडतात. मग गिळतां येत नाहीं, बोलणें अस्पष्ट होतें, आणि शेवटीं श्वास अडतो. नागाच्या विषानेंही दोन्ही पापण्या पडतात. जालना जिल्ह्यांत जन्मलेल्या आणि महाडला वैद्यकी करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावसकर यांनीं विंचूदंशाप्रमाणें सर्पदंशाचाही अभ्यास करून ग्रामीण डॉक्टरांसाठीं लेखन केलें आहे. दोन्ही पापण्या एकाएकीं पडल्या तर आधीं सापाचा विचार करावा, मांत्रिकाकडे न जातां सर्पविषावरील लस असलेलें रुग्णालय गांठावें. ज्याची पापणी सकाळीं बरी आणि सांजेला थकून पडते, त्याला मायस्थेनिया नांवाचा स्नायूंचा विकार असूं शकतो. त्यांत बाहुली बिघडत नाहीं, आणि त्यावर गोळ्या आहेत.

मुलांची गोष्ट वेगळी आहे. कांहीं मुलें हा दोष घेऊनच जन्मतात, कांहींना पडण्यानें होतो. मोठ्या माणसाला एकाचे दोन दिसतात. लहान मुलाचा मेंदू त्यांतील एक चित्र टाकून देण्यास शिकतो. मूल तक्रार करीत नाहीं, आणि मिटलेल्या डोळ्याची दृष्टि कायमची मंद होते. म्हणून लेंकराची पापणी बाहुली झांकीत असेल तर तें शाळेंत जाईपर्यंत थांबूं नये. चांगल्या डोळ्यावर रोज ठराविक वेळ पट्टी बांधून दुबळ्या डोळ्याला काम लावणें, चष्मा, आणि वेळप्रसंगीं पापणी उचलण्याची शस्त्रक्रिया यांनीं दृष्टि वांचवितां येते.

मूळ रोगाचा बंदोबस्त झाल्यावर उरते ती डोळ्याची शुश्रूषा. पापणी थोडी उघडूं लागली कीं दोन-दोन दिसण्याचा त्रास सुरू होतो; तो चांगल्या खुणेचाच भाग आहे. तोंपर्यंत एका डोळ्यावर पट्टी ठेवावी, किंवा चष्म्याला तात्पुरतें लोलकाचें भिंग चिकटवून घ्यावें. त्यानें थोडा तिरपेपणा असेल तर दोन चित्रें जुळतात. एका डोळ्यानें अंतराचा अंदाज चुकतो, म्हणून या काळांत मोटार-सायकल चालवूं नये, कडबा कापण्याच्या यंत्राशीं काम करूं नये, विहिरीच्या कांठावर उभें राहूं नये. ६ महिने ते वर्षभर वाट पाहूनही डोळा तिरपाच राहिला, आणि त्यांत बदल होण्याचें थांबलें, तरच शस्त्रक्रियेचा विचार करतात. तींतही क्रम आहे. आधीं डोळा सरळ करावयाचा, मग पापणी उचलावयाची. पापणी आधीं उचलली तर दोन-दोन दिसणें वाढतें. शिवाय डोळा मिटतांना बुबुळ वर चढून जें संरक्षण होतें, तें या रोग्यांत नसतें. म्हणून पापणी फार उचलली तर बुबुळ उघडें पडून कोरडें होतें आणि त्यावर व्रण पडतात. जाणते नेत्रवैद्य पापणी बेताचीच उचलतात आणि डोळा ओला राखण्याचे थेंब देतात.

कधीं कधीं बरें होतांना एक चमत्कार दिसतो. रोगी डोळा नाकाकडे वळवितो आणि पापणी आपोआप वर उडते. तुटलेले धागे पुन्हां वाढतांना भलत्याच स्नायूला जाऊन मिळाले, एवढाच त्याचा अर्थ. मार लागल्यानंतर किंवा दाब पडल्यानंतर असें घडतें. केवळ मधुमेहानें बिघडलेल्या मज्जातंतूंत घडत नाहीं. मधुमेहाचें निदान झालेल्या रोग्यांत तें दिसलें, तर निदान चुकलें असें धरून मेंदूचें चित्रण पुन्हां करून घ्यावें.

घरांतील मनुष्याला एवढें सगळें लक्षांत ठेवण्याचें कारण नाहीं. पापणी पडलेली दिसली म्हणजे चार गोष्टी पाहाव्या. दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत काय? डोकें एकाएकीं आणि कधीं नव्हे इतकें दुखत आहे काय? डोक्याला मार लागला आहे काय? हातपाय, बोलणें वा शुद्धि यांत फरक पडला आहे काय? यांपैकीं एकाही गोष्टीचा संशय आला तर त्याच दिवशीं, रात्र असली तरी, रोग्याला मोठ्या रुग्णालयांत न्यावें. यांतलें कांहीं नसलें तरी दुसऱ्या दिवसापलीकडे डॉक्टरांना दाखविण्याचें लांबवूं नये, आणि साखर व रक्तदाब त्याच वेळीं मोजून घ्यावे.

किल्लारीच्या लोकांनीं नव्या वस्तींत घरें बांधतांना दगडमातीच्या भिंतीचा भरंवसा धरला नाहीं. भिंतीला भेग दिसली कीं तेथील वडील माणूस आज ती दुर्लक्षूं देत नाहीं. भेगेनंतर काय येतें तें त्यानें पाहिलें आहे. पडलेली पापणी ही तशीच एक भेग आहे. कांहीं भेगा लिंपून भागतें, कांहींत घर रिकामें करावें लागतें. कोणती भेग कोणत्या जातीची, हें जाणत्याला त्याच दिवशीं विचारावें.